होडीवरील इन्व्हर्टर आणि पाच मीटर वायर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

यंत्रमागांच्या मोटारी आणि त्यांची पॅनेले दुरुस्त करण्यात माझी उभी हयात सोलापुरात गेली. होडीशी माझा संबंध पंढरपुरात चंद्रभागा ओलांडण्यापुरताच होता. गेल्या हिवाळ्यात मात्र करमाळा तालुक्यातील ओळखीच्या एका होडीवाल्याने मला उजनीच्या पाणफुगवट्यावर बोलावून घेतले. रोहित पक्षी पाहायला येणाऱ्या पर्यटकांसाठी त्याने होडीवर १२ व्होल्टची बॅटरी, इन्व्हर्टर, माइकसह अ‍ॅम्प्लिफायर, टेबलफॅन आणि काही एलईडी बल्ब असा सरंजाम मांडला होता. (पक्ष्यांच्या थव्यापुढे भोंगा हवाच कशाला, हा माझा प्रश्न त्याने हसण्यावारी नेला.) पंखा चालू असताना अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवला की इन्व्हर्टर पीं-पीं करून बंद पडतो, ही त्याची तक्रार होती. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याने एकदा इन्व्हर्टर आणि एकदा बॅटरी बदलली होती, तरी दुखणे जागच्या जागी होते.

बॅटरीवर मीटर लावला तेव्हा लोड नसताना १२.६ व्होल्ट मिळाले, म्हणजे बॅटरी भरलेली होती. सगळे चालू करून, म्हणजे सुमारे २५० वॅटचा भार टाकून, पुन्हा बॅटरीच्याच टर्मिनलवर मोजले तर १२.३ आले, यातही वावगे काही नव्हते. मग तोच मीटर छताखाली पुढे बसवलेल्या इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर नेला आणि काटा १०.३ वर आला. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास बॅटरी संपली असे समजून स्वतःला बंद करून घेतात, आणि हाही तेच इमानाने करत होता. मधले दोन व्होल्ट खाल्ले होते पाच मीटर लांबीच्या, घरातल्या प्लगसाठी वापरतात तसल्या अडीच एमएम (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या) वायरीने. तिला हात लावला तर चटका बसावा इतकी ती तापलेली होती.

याचे गणित सोपे असले तरी घरातल्या वायरिंगची सवय झालेल्या वायरमनच्या ते पटकन ध्यानात येत नाही. २३० व्होल्टला २५० वॅटचे उपकरण जेमतेम १.१ अँपिअर घेते. तेच काम १२ व्होल्टच्या बॅटरीकडून करून घ्यायचे तर इन्व्हर्टरमधील घट धरून २५ ते २८ अँपिअर ओढावे लागतात. अडीच एमएम तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ७.४ मिलिओहम असतो, आणि जाण्यायेण्याचे मिळून दहा मीटर धरले की दोन व्होल्टचा हिशेब लागतो. उपाय म्हणून मी इन्व्हर्टर उचलून बॅटरीपासून मीटरभर अंतरावर आणला, मध्ये १६ एमएमची वायर टोकांना दाबून बसवलेल्या लगसह (नटाखाली बसणाऱ्या धातूच्या टोकांसह) घातली आणि लांबची वायर २३० व्होल्टच्या बाजूला नेली, जिथे प्रवाहच थोडा असतो. तीच बॅटरी आणि तोच इन्व्हर्टर त्या दिवशी दुपारभर कुरकुर न करता चालले.

बिघाड शोधण्याची ही रीत कोणालाही करता येण्यासारखी आहे. लोड चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हवर ठेवावी; जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे त्या वायरीने आणि तिच्या जोडांनी गिळले असे समजावे, आणि हीच तपासणी निगेटिव्हच्या बाजूनेही करावी. आकडा मोठा आला तर आधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर, ढिला नट आणि चिमट्याने केलेली जोडणी पाहावी. चिमटा ही होडीवर वापरायची वस्तूच नव्हे, कारण लाटेच्या प्रत्येक हिसक्याला तो सैल होतो. पॉझिटिव्हवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. त्या होडीवर तो नव्हता.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. मी जाण्यापूर्वी कोणा कारागिराने इन्व्हर्टरचे आउटपुट साध्या मीटरने मोजले होते. १८० व्होल्ट दिसताच त्याने आतला प्रीसेट, म्हणजे आउटपुट कमी-जास्त करण्याचा स्क्रू, फिरवून ते २३० करून दिले, आणि त्यानंतर आठवडाभरात दोन बल्ब आणि एक चार्जर जळाले. स्वस्त इन्व्हर्टर महावितरणच्या विजेसारखी साईन वेव्ह, म्हणजे गुळगुळीत चढउताराची लहर, देत नाही, त्याची लहर पायऱ्यापायऱ्यांची असते. साधा मीटर साईन वेव्ह गृहीत धरून आकडा दाखवतो, त्यामुळे खरे २३० असताना तो १८० दाखवू शकतो, आणि तो आकडा ओढूनताणून २३० वर आणला की प्रत्यक्षात २६० च्या आसपास दाब उपकरणांवर पडतो. अशा ठिकाणी लहर कशीही असली तरी खरा दाब दाखवणारा ट्रू आरएमएस मीटरच लागतो. प्रीसेट पूर्ववत केल्यावरही अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर आणि पंख्याची गुणगुण राहिली. तो त्या लहरीचाच गुण आहे आणि साईन वेव्हचा इन्व्हर्टर घेतल्याखेरीज तो जाणार नाही.

मोबाइल चार्जिंगसाठी तर इन्व्हर्टरची गरजच नाही. मोटारीत मिळतो तसा १२ व्होल्टचा चार्जर बॅटरीवर फ्यूजमधून लावला की बाराचे दोनशे तीस आणि दोनशे तीसचे पुन्हा पाच करण्याचा उपद्व्याप वाचतो.

आपल्याकडचा उन्हाळाही विसरून चालणार नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, त्यात प्लायवूडच्या बंद खोक्यात कोंडलेला इन्व्हर्टर तापून बंद पडला तर दोष त्याचा नाही. मात्र इन्व्हर्टर बॅटरीजवळ ठेवा म्हणजे एकाच खोक्यात ठेवा असे नव्हे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एक ठिणगी पुरते. मध्ये आडोसा आणि दोन्हीकडे हवा खेळती हवी. ओल्या होडीत ईएलसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून निर्धास्त होणाऱ्यांनी हेही पाहावे की अनेक लहान इन्व्हर्टरांचे आउटपुट अधांतरी, म्हणजे अर्थशी न जोडलेले, असते. न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी नसेल तर ईएलसीबीला गळती कळत नाही, आणि ती जोडणी इन्व्हर्टर बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणेच करायची असते, अंदाजाने नव्हे.

नौकांची तपासणी करताना जीवरक्षक जाकिटे मोजली जातात, ते योग्यच आहे; त्याच वेळी बॅटरीजवळचा फ्यूज, वायरीची जाडी आणि प्लगांवरची झाकणे पाहायला दहा मिनिटांहून अधिक लागणार नाहीत. संबंधित यंत्रणेने हंगामापूर्वी एवढे करावे, आणि दुकानदारांनी इन्व्हर्टर विकताना त्याची लहर कोणती व वायर किती एमएमची लागेल हे बिलावर लिहून द्यावे, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो.

आपला,
एक निवृत्त विद्युत कारागीर, सोलापूर