केळणेच्या अलीकडचे स्वार

जालना, १२ ऑक्टोबर

प्रिय दिल्या,

दोन दिवाळ्या झाल्या, तुला पत्र नाही. फोनवर नुसतं 'काय चाललंय, बरं चाललंय'. रागावला असशील तर रागाव, पण आधी हे वाच. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात, ही बरी आहे.

मी असईला जाऊन आलो, १८०३ ला शिंदे-भोसले आणि इंग्रज लढले तिथं. एकटा नाही, नववीची ३२ पोरं घेऊन, तेही २३ सप्टेंबरलाच. लढाईचा जुना इंग्रजी आराखडा मिळाला होता, तो सहा बाय चारच्या फ्लेक्सवर छापून घेतला. फ्लेक्सवाला विचारतो, "सर, वाढदिवस कुणाचा? फोटो कुठं टाकायचा?" म्हटलं, बाबा रे, ही लढाई आहे. तर म्हणे, "मग 'विनम्र अभिवादन' टाकू का?" हसू नकोस, क्षणभर मीही विचारात पडलो होतो. घरी आणून मार्करनं रंगवला. इंग्रज लाल, आपले केशरी. 'आपले' हा शब्द लक्षात ठेव, सगळं रामायण तिथंच आहे.

केळणा नदीच्या काठी, आपण भांडलो होतो तिथून थोडं वर, दोन बाभळींना फ्लेक्स बांधला. उताराची, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेची गोष्ट मी अजून तितक्याच चवीनं सांगतो. वाटाडे म्हणतात नदीला उतार नाही. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली बघतो तर दोन काठांना दोन गावं समोरासमोर. म्हणजे माणसं ये-जा करत असणार, म्हणजे उतार असणारच. मागून एक पोरगं म्हणालं, "सर, पलीकडं सासर असंल." मग सांगितलं की नदी उतरताना वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफेच्या गोळ्यानं उडालं. सासर एकदम गप्प.

इंग्रजांच्या ७४ व्या पलटणीची रेघ नकाशात जरा जास्तच उजवीकडे, असई गावाकडे सरकलेली दिसते. बोटाच्या पेराएवढी. पोरांना तिच्यावर बोट ठेवायला लावलं आणि मग सांगितलं, या बोटाखाली ५०० पैकी जवळपास ४०० माणसं मेली नाहीतर जखमी झाली. छापलेल्या रेघेला चूक कळत नाही. लढाईनंतर कुणीतरी शांतपणे बसून पट्टीनं आखलेली ती रेघ, सगळं ठरवून केल्यासारखी दिसते. इथवर मी खुशीत होतो.

पहिल्या बाकावर एक मुलगी आहे. बोलत नाही, पण बोलली की आपल्या अण्णांसारखी बोलते. तिनं नदीच्या अलीकडे, दक्षिणेला, एका चौकटीवर बोट ठेवलं. "सर, हे रंगवायचं राहिलं." चष्मा लावून बारीक अक्षर वाचलं. पेशव्यांचे आणि म्हैसूरचे स्वार. "हे कुणाकडून?" मी म्हटलं, इंग्रजांकडून. मार्कर तिच्या हातात होता. "मग लाल करू? पण पेशव्यांचे आहेत ना? केशरी करू?"

दिल्या, मी काय म्हणालो असेन? "चला, गाडीची वेळ झाली." २९ वर्षं शिकवतोय आणि गाडीची वेळ झाली!

असं नाही की मला माहीत नव्हतं. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला, दुसरा बाजीराव इंग्रजांच्या ओंजळीनं पाणी प्यायला लागला, तेव्हा त्याचे स्वार वेलस्लीबरोबर असणारच. वर्गात दरवर्षी सांगतो. पण सांगताना ते एक वाक्य असतं. नकाशावर ती जागा असते, आणि जागेला रंग द्यावा लागतो.

१९९६ ला याच काठावर तू म्हणाला होतास, शिंद्यांच्या कवायती पलटणींत मराठी माणूस शोधून दाखव. सेनापती पोलमन हानोव्हरचा, आधी इंग्रजांच्याच फौजेत सार्जंट. शिपाई बहुतेक उत्तरेकडचे पुरभय्ये. समोर लाल डगल्यात मद्रासी शिपाई आणि स्कॉटलंडचे डोंगरी. "यात तुझे आपले कोण रे?" मी तुला इंग्रजांचा वकील म्हणालो आणि चार महिने बोललो नाही. तात्याच्या मुलाच्या बारशाला तू पेढा पुढे केलास, मी बशीत ठेवला. तो पेढा अजून टोचतो.

पण तूही अर्धाच बरोबर होतास, हे आधीच सांगून ठेवतो. शिंदे आणि नागपूरकर भोसले मैदान सोडून गेले, तरी गोलंदाज तोफांपाशी राहिले. काही मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे सरकल्यावर उठून तोफा त्यांच्या पाठीवर फिरवल्या. नुसत्या पगारासाठी? तुझा पगाराचा सिद्धांत मला तेव्हाही पटला नव्हता, आत्ताही नाही.

आता वर्गातल्या भिंतीवरचा नकाशासुद्धा डोळ्यांत खुपतो. अटकेपासून कटकेपर्यंत एकच रंग. १७५८ ला अटक गाठली, पुढच्याच वर्षी अब्दालीनं पंजाब परत घेतला, रंग मात्र कायमचा. स्वराज्य आणि नुसत्या चौथाईचा मुलूख, दोन्ही सारखेच केशरी. तुझ्या खोलीतलं पानिपतचं ते फैजाबादी चित्र आठवतंय? अब्दाली तपकिरी घोड्यावर ऐटीत, आणि आपण रात्री भिंग घेऊन त्यात भाऊ शोधत बसलेलो. अवधचा नवाब अब्दालीच्या बाजूचा, चित्र तिकडचं, आणि आपल्याला त्यात भाऊ हवा होता! तेव्हा मला चितारी लबाड वाटला होता. आता वाटतं, मार्कर हातात घेऊन मी तरी वेगळं काय केलं?

सोनूचं लग्न ठरल्याचं वहिनींनी सांगितलं. फार बरं वाटलं, तारीख कळव. नव्या फ्लॅटला लिफ्ट आहे ना? असली तरच येतो.

फ्लेक्स ती मुलगी घरी घेऊन गेलीय. ती चौकट कोरीच आहे, सहामाही झाली की विचारीन म्हणालीय. त्या वेळच्या सहलीची माझी वही तुझ्याकडेच असणार, भांडणात राहिली होती. तिच्यात मागच्या पानावर तू काढलेला नकाशा आहे, नुसत्या पेन्सिलीचा, बिनरंगाचा. तेवढी वही कुरियरनं पाठव. सोबत चिठ्ठी लिहिशीलच. 'बघ, मी म्हटलं होतं ना' हे पहिल्या ओळीत नको, दुसऱ्या ओळीत लिही.

तुझा,
सुध्या