नातवाचे रोबक्स आणि कर

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "पोरगं खेळतंय, त्याला कर कसला?" आणि आई, तू मागून म्हणालीस की एवढ्याशा मुलाच्या मागे आतापासून कागदपत्रं कशाला. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. अक्षर मोठं ठेवलंय, बाबांच्या डोळ्यांना ताण नको.

तुमचा नातू रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळात नुसता खेळत नाही. तिथल्या पात्रांसाठी तो कपडे आणि टोप्या तयार करून विकतो. घेणारे रोबक्स देतात, म्हणजे त्या खेळातलं चलन. कंपनी आपला वाटा कापून उरलेले त्याच्या खात्यात टाकते. असे कमावलेले निदान 30,000 रोबक्स साठले की कंपनी ते घेऊन डॉलर देते, शंभराच्या थोडे वर. त्यासाठी वय 13 पूर्ण लागतं, हा पंधराचा आहे. पैसे देण्याआधी कराचा फॉर्म भरून घेतात. तुम्ही ऐकलंत तो हाच.

बाबा, तुमचं आयुष्य विक्रीकर खात्यात गेलं, तेव्हा यातला अवघड प्रश्न तुम्हाला लगेच दिसेल. कर लागायचा कधी? खेळात तलवार मिळाली तेव्हा, ती देऊन ढाल घेतली तेव्हा, की डॉलर हातात आले तेव्हा? इथे अमेरिकेत वस्तूच्या बदल्यात वस्तू किंवा काम घेतलं, तरी बाजारभावानं त्याची किंमत उत्पन्नात धरतात. आपल्या गावचा सुतार इथं असता, तर बलुत्यात मिळालेलं धान्यही त्याला विवरणपत्रात दाखवावं लागलं असतं. हाच नियम खेळाला लावला, तर तलवार-ढालीच्या प्रत्येक अदलाबदलीचा हिशेब मुलांना ठेवावा लागेल.

आणि या वस्तूंना किंमतच नाही असं म्हणायची सोय केव्हाच संपली आहे. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञानं 2001 साली 'एव्हरक्वेस्ट' खेळातल्या नॉरॅथ या काल्पनिक जगाचं दरडोई उत्पन्न काढलं. लोक तिथल्या वस्तू आणि पात्रं लिलावात खऱ्या डॉलरना विकत होते, त्यावरून. आकडा आला 2,266 डॉलर, बल्गेरियाच्या वर. पुढे 2006 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त आर्थिक समितीनं या कराचा विचार सुरू केला. समितीचे अध्यक्ष जिम सॅक्स्टन आमच्या न्यू जर्सीचेच खासदार. खेळाच्या आतल्या व्यवहारांवर कर नको, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

तरीही गोंधळ राहिलाच. इथल्या आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आभासी चलनाची उदाहरणं म्हणून बिटकॉइनच्या जोडीला रोब्लॉक्स आणि फोर्टनाइट या खेळातले व्ही-बक्स यांचीही नावं होती. त्यातच 2019 च्या विवरणपत्रात आभासी चलनाबद्दल प्रश्न आला. म्हणजे मुलांसाठी व्ही-बक्स घेणाऱ्या आईबापांनी 'हो' लिहायचं की काय? फेब्रुवारी 2020 मध्ये बातम्या आल्यावर खात्यानं ती नावं काढली आणि खेळाबाहेर न जाणारं चलन दाखवायची गरज नाही असं सांगितलं.

मला हे मनापासून पटतं. तलवारीचा भाव कंपनी एका रात्रीत पाडू शकते, खातं बंद झालं तर तलवारही जाते आणि तलवार विकेपर्यंत कर भरायला हातात पैसाच नसतो. अशा गोष्टीवर कर मागणं अन्यायाचं आहे. पण डॉलर झाले की ती कमाई, आणि तिथे सूट मागू नये. "हा तर खेळ" असं म्हणणारी मोठी माणसं माझ्याकडे विवरणपत्र भरून घ्यायला येतात तेव्हा मला वाईट वाटतं. त्यांच्याच शेजारी शिकवण्या घेणारी बाई पै न पै दाखवत असते.

चीननं 2008 मध्ये आभासी चलन विकून होणाऱ्या नफ्यावर 20 टक्के कर सांगितला. मूळ खर्च सिद्ध करता आला नाही, तर तो कर अधिकारी ठरवणार. बाबा, पावती नसलेल्या व्यापाऱ्याचं काय होतं हे तुम्हाला मी काय सांगू!

तुम्ही 28 टक्के म्हणालात, तो आपल्याकडचा जीएसटी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑक्टोबर 2023 पासून तो पूर्ण जमा रकमेवर लागला, आणि ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं तर असे खेळच बंद केले. नातवाचं काम त्यातलं नाही. तो काही लावत नाही आणि जिंकतही नाही, माल करून विकतो. आई, एवढं मात्र शेजारी कोणी विचारलं तर ठामपणे सांग.

इथे स्वतःच्या धंद्यातून वर्षाला निव्वळ 400 डॉलर मिळाले, की वय कितीही असो, विवरणपत्र भरावं लागतं. सामाजिक सुरक्षेसाठी आणि म्हातारपणच्या आरोग्य विम्यासाठी 15.3 टक्के जातात. त्यातून त्याच्या निवृत्तिवेतनाची नोंद आत्तापासून सुरू होईल, हे मला आवडलं. खर्च वजा करता येतो, म्हणून चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची बिलं मी जपायला लावली आहेत.

रविवारी तो फोन करेल. वही कशी मांडायची ते त्याला तुम्हीच शिकवा, बाबा. माझ्यापेक्षा तुमचं जास्त ऐकतो. विकल्याची तारीख, आलेले रोबक्स, त्यांचे डॉलर झाले तो दिवस, एवढे रकाने पुरेत. आई, अभ्यासाचं तू विचार, मी विचारलं की चिडतो.

तुमची,
लेक