रेअरबिटमध्ये ससा नसतो हो!

संपादक साहेब, नमस्कार,
तिकडे ब्रिटनमधलं जेवण म्हणजे अगदीच फिकं असं आपल्याकडे सरसकट म्हणतात ना, म्हणून हे पत्र. वेल्समध्ये रविवारी सगळे पबमध्ये जेवायला गेलो, पब म्हटल्यावर आईने नाकच मुरडलं पण शेजारच्या टेबलावर आजी-नातवंडं बघून निवळली. काउल म्हणजे मटण, लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी), बटाट्याचा वाफाळता पातळ रस्सा, सोबत ब्रेड आणि कर्फिली चीजचा तुकडा, थंडीत काय लागतं म्हणून सांगू! रेअरबिट हे नाव ‘रॅबिट’ असं ऐकून बाबा म्हणाले ससा नको, अहो तो तर टोस्टवर चीज, बिअर आणि मोहरीचा सॉस घालून भाजलेला प्रकार. गोडाला ‘बारा ब्रिथ’ नावाचा, चहात भिजवलेल्या बेदाण्यांचा गोड ब्रेड, वर लोणी. आईने दोन तुकडे खाल्ले, तिसरा गुपचूप पर्समध्ये.
- एक वाचक