साहेब, आधी ती काचेची खिडकी वर घ्या

माननीय प्रशासन मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

कर्मचाऱ्यांनी जनतेशी सौजन्याने वागावं, असं परिपत्रक अधूनमधून निघतं. ते कार्यालयात पोचतं, त्याची आवक नोंद होते, ते फाइलला लागतं. फार तर त्यातलं एखादं वाक्य छापून भिंतीवर चिकटवलं जातं. त्याच भिंतीवर जरा ठळक अक्षरांत दुसरी सूचना आधीपासूनच असते : कर्मचाऱ्यांशी गैरवर्तन केल्यास कायदेशीर कारवाई केली जाईल. पहिली विनंती, दुसरी ताकीद. अर्ज घेऊन आलेला माणूस दोन्ही वाचतो आणि काय समजायचं ते समजतो.

सौजन्याचे दिवस गेले, असं म्हणणारे आता पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. गोड बोलून सहा महिने टोलवणाऱ्यापेक्षा तोंड वाकडं करून त्याच दिवशी दाखला हातात देणारा कधीही बरा. पण खरं सांगायचं तर अशी निवड करायची वेळ येते कुठे? तोंड वाकडं करणाराच बहुधा ‘उद्या या’ म्हणतो. समोरच्या माणसाकडे ज्याने बघितलंच नाही, त्याला त्या माणसाची खेप वाया गेल्याचं काय वाटणार?

सरकारी कार्यालयातल्या खिडकीची ती काच आपण आतल्या बाजूने पुष्कळदा पाहिली असेल. एकदा बाहेरून पाहा. कागद सरकवायची फट कमरेच्या उंचीवर असते, कारण ती आत बसलेल्याच्या सोयीने कापलेली असते. बाहेरच्याला बोलायचं तर वाकावं लागतं. साठी उलटलेला माणूस एका हातात कागदांची पिशवी धरतो, दुसरा हात कट्ट्यावर टेकतो आणि मान वाकडी करून त्या फटीत बोलतो. काचेतून आवाज नीट जात नाही म्हणून मोठ्याने बोलतो. आतून उत्तर येतं, “ओरडू नका.” तिथे कुणाच्याच मनात उद्धटपणा नव्हता, सुताराने तो आधीच करून ठेवला होता. ही काच वर घेणं हे माझ्या लेखी कुठल्याही परिपत्रकापेक्षा मोठं सौजन्य आहे.

आता मृत्यूचा दाखला देणारी खिडकी घ्या. समोर नुकताच नवरा गेलेली बाई. आतल्याचे डोळे पडद्यावर. मयताचं नाव? नातं? ओळखपत्र? झेरॉक्स नाही? पुढचे या. आतला माणूस दुष्ट नाही. सकाळपासून तो हेच विचारतोय, आणि बाजूच्या रिकाम्या खुर्चीचं कामही त्याच्याच गळ्यात आहे. तरीही, “झेरॉक्स राहिलीय, तेवढी काढून आणा आणि सरळ माझ्याकडे या, परत रांगेत उभं राहू नका,” एवढं म्हणायला त्याला किती वेळ लागला असता? त्यात ‘कृपया’ नाही, ‘धन्यवाद’ नाही, हसणंही नाही. मी मागतोय ते सौजन्य एवढंच.

आणि अरे-तुरे. एकाच रांगेत इस्त्रीचा शर्ट घातलेल्याला ‘तुम्ही’ आणि मळक्या कपड्यातल्या त्याच वयाच्या माणसाला ‘तू’. यावर मी जास्त लिहीत नाही. आपल्याला ते माहीत आहे, मला माहीत आहे, आणि ज्याला ‘तू’ ऐकावं लागतं त्याला सगळ्यांत जास्त माहीत आहे.

केट ग्रेंजर ही ब्रिटनमधली डॉक्टर स्वतः कर्करोगाची रुग्ण होती. २०१३ साली ती रुग्णालयात दाखल होती. येणारे-जाणारे तिच्यावर उपचार करत होते, पण त्यातले बरेच जण आपण कोण हेसुद्धा सांगत नव्हते. त्यावरून तिने एक मोहीम सुरू केली. मागणी एका वाक्याची होती : रुग्णाला हात लावण्याआधी आपलं नाव सांगा. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो कर्मचाऱ्यांच्या छातीवर तसे बिल्ले लागले. २०१६ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ती गेली. नाव सांगितल्याने औषध जास्त लागू पडत नाही, हे डॉक्टर असल्यामुळे तिला पक्कं ठाऊक होतं. पण नाव सांगणारा माणूस आपल्या वागण्याची जबाबदारी अंगावर घेतो. आपल्या कार्यालयांत कुणाचं नाव विचारून बघा. “तुम्हाला नाव कशाला हवं?” हे उत्तर ठरलेलं आहे.

सौजन्य ही वरवरची सजावट आहे, असं वाटणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. इस्रायलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या २४ पथकांवर एक प्रयोग झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. खऱ्या बाळाऐवजी बनावट रुग्ण होता. परदेशातून आलेला तज्ज्ञ म्हणून ओळख करून दिलेल्या माणसाने काही पथकांशी साधं बोलणं केलं, आणि काहींना तुमच्या देशातल्या वैद्यकीय कामाचा दर्जा मला काही पसंत पडला नाही, अशा अर्थाचं सुनावलं. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. पण ज्यांनी ते ऐकलं त्यांचं निदानही घसरलं आणि हातातलं कामही. ते एकमेकांना माहिती कमी देऊ लागले, एकमेकांची मदत कमी मागू लागले. अपमान झालेल्या माणसाचं कामात लक्ष राहत नाही, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असतं. इथे ते मोजून निघालं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. राग मानू नये.

आपण किंवा आपले सहकारी दौऱ्यावर जाता. कॅमेरे सोबत असतात. लोक तक्रार करतात, आणि आपण तिथल्या तिथे अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर फैलावर घेता. “कामं करायची नसतील तर घरी बसा!” टाळ्या पडतात. ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत घरोघरी फिरते आणि लोक म्हणतात, मंत्री असावा तर असा. कबूल करतो, बघताना मलाही बरं वाटतं. त्या अधिकाऱ्याने कदाचित खरंच काम अडवलेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात जातो तेव्हा काय होतं? तो हाताखालच्याला झापतो, हाताखालचा लिपिकाला, लिपिक शिपायाला. आणि शिपायाच्याही खाली एक माणूस उरतो, तो काचेबाहेर वाकून उभा असतो. पाणी उताराकडेच वाहतं, साहेब. काल टाळ्या वाजवणारा आणि आज ओरडा खाणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो.

अधिकाऱ्याला जाब विचारू नये, असं मी म्हणत नाही. जरूर विचारा, निलंबित करा, चौकशी लावा. फक्त दार लावून विचारा, आणि निकाल दार उघडून सांगा. वरिष्ठाशी नम्र आणि कनिष्ठाशी उर्मट वागणारा माणूस शिष्टाचार पाळतो असं आपण म्हणतो, पण तो फक्त पायरी ओळखत असतो. खालच्या पायरीवरच्याशी कसं बोलायचं हे कर्मचारी परिपत्रक वाचून शिकत नाहीत. ते आपल्याकडे बघून शिकतात.

यात सरकारचा फायदाही आहे. टॉम टायलर या अमेरिकी अभ्यासकाने शिकागोतल्या दीड हजारांहून जास्त नागरिकांशी पोलीस आणि न्यायालयांच्या त्यांच्या अनुभवांबद्दल बोलून एक गोष्ट मांडली. निकाल आपल्या बाजूने लागला की विरुद्ध, यापेक्षा आपलं म्हणणं ऐकून घेतलं का, आपल्याला माणसासारखं वागवलं का, यावर लोकांचा त्या व्यवस्थेवरचा विश्वास जास्त अवलंबून असतो. सगळ्यांचे अर्ज मंजूर करणं कुठल्याच सरकारला शक्य नाही. नाकारायचे कसे, एवढं तरी सरकारच्या हातात आहे.

सगळं ऑनलाइन झालं की हा प्रश्नच मिटेल, असं आपल्या खात्यातल्या काहींना वाटतं. मिटत नाही. ‘आपला अर्ज अवैध आहे’ एवढंच लिहून कारण न सांगणारं संकेतस्थळ त्या लिपिकाइतकंच उद्धट आहे, आणि त्याच्याशी तर भांडताही येत नाही. नऊ पानं भरून झाल्यावर दहाव्या पानावर फोटोचा आकार चुकल्याचं सांगणं, हे वागणंच आहे. ते कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

सनदा पुष्कळ झाल्या. ब्रिटनने १९९१ साली नागरिकांची सनद आणली तेव्हा तिच्या तत्त्वांत सौजन्य होतं. दक्षिण आफ्रिकेने १९९७ साली लोकसेवेची आठ तत्त्वं ठरवली, त्यांतही होतं. आणखी एका सनदेची माझी मागणी नाही. खिडक्यांची उंची बदला आणि बाहेर चार खुर्च्या टाका. टेबलावर नावाची पाटी ठेवा, ती फाइलींच्या मागे जाणार नाही अशी. नकार दिला तर त्याचं कारण आणि पुढे काय करायचं, हे त्याच कागदावर लिहून द्या. रिकाम्या जागा भरा. तिघांचं काम एकट्याने करणाऱ्याकडून हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करण्यात काही अर्थ नाही. आणि पुढच्या दौऱ्यात एक दिवस कॅमेरे घरी ठेवून बघा.

या पत्राला उत्तर पाठवलंत, तर एक विनंती. सहीखाली नाव वाचता येईल असं असू द्या. ‘करिता’ लिहून मारलेली रेघ नको.

आपला,
रांगेतला एक अर्जदार