कद्दिश

बुडापेस्ट, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागचं पुस्तक बघून तुम्ही "कद्दिश म्हणजे काय गं?" असं विचारलंत आणि मी "ज्यूंची प्रार्थना आहे एक" म्हणून विषय संपवला. कुकरची तिसरी शिट्टी होत होती हो! आता सावकाश सांगते.

लेखक इम्रे केर्तेस, याच शहरातले. १९४४ साली, चौदा वर्षांचे असताना त्यांना नाझींच्या ऑशविट्झच्या छळछावणीत नेलं, तिथून बुखेनवाल्डच्या. वाचले. २००२ साली नोबेल मिळालं. हे पुस्तक १९९० चं, 'न जन्मलेल्या मुलासाठी कद्दिश'.

आई किंवा वडील गेले की मुलगा अकरा महिने रोज सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, कद्दिश म्हणतो. भाषा बरीचशी अरामी. आणि त्यात मरणाचा, मेलेल्या माणसाचा उल्लेखच नाही! नुसती देवाची थोरवी. देवाशी भांडावंसं वाटतं नेमक्या त्याच दिवसांत. शिवाय एकट्याने म्हणायची सोय नाही, किमान दहाजण लागतात. जुन्या वळणाच्या ठिकाणी दहा पुरुषच. अकराच महिने का, तर मेल्यावर पाप्याचा निवाडा फार तर बारा महिने चालतो अशी समजूत. पूर्ण बारा म्हटलं तर आपल्याच बापाला पापी ठरवल्यासारखं होईल. आई, हे तुला आवडणार.

यिद्दिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंची बोली, बोलणारे आईबाप मुलालाच 'माझा कद्दिश' म्हणायचे. आत्या नाही का म्हणायची, "मुलगा नाही, पाणी कोण देणार रे तुला?" तेच.

आता नाव परत वाचा. मुलाने बापासाठी म्हणायचं ते इथे बाप मुलासाठी म्हणतोय, तेही ज्याला त्याने जन्मालाच येऊ दिलं नाही त्याच्यासाठी. पुस्तकाचा पहिला शब्द 'नाही!' मूल आहे का, या प्रश्नाचं ते उत्तर. बायकोलाही त्याने तेच दिलेलं. ऑशविट्झ झालं त्या जगात मूल नको. ती शेवटी सोडून जाते. न जन्मलेल्यासाठी दहा माणसं कुठून जमणार? हा एकटाच बोलत राहतो, लांबच लांब वाक्यांत, धाप लागेपर्यंत. आणि उद्या त्याच्यामागे कद्दिश म्हणायला कुणी नसणार, म्हणून मला तर वाटतं तो स्वतःचंही आत्ताच उरकून घेतोय.

वाचून झाल्यावर दोहान्य रस्त्यावरच्या मोठ्या सिनेगॉगला गेले. आपल्या पुण्यातल्या कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या सिनेगॉगच्या, कितीतरी पट मोठं. मागच्या अंगणात धातूचं झाड आहे, फांद्या खाली झुकलेल्या, पानांवर मारल्या गेलेल्यांची नावं कोरलेली. एकच आडनाव शेजारशेजारच्या पानांवर दिसलं की अख्खं घर गेलं असेल असं वाटतं. मग त्यांच्यासाठी म्हणायला कोण उरलं असेल?

बाबा, पाण्याचं म्हणाल तर मी देईन. गुरुजींनी कां-कूं केलं तर दुसरे गुरुजी बघू. पण घाई अजिबात नाही. बीपीची गोळी दोनदा चुकवलीत, आईने सांगितलंय.

तुमची,
ताई