नॉर्वेतल्या गाड्या: बाबांना पत्र

ऑस्लो,
11 जानेवारी 2025

ती. बाबांना शि. सा. नमस्कार,

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं लोक कुठली गाडी घेतात गं?" आणि मी "टेस्ला" म्हणून मोकळी झाले. उद्यमनगरात तीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाचं एवढ्यावर भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सरत्या वर्षाचे आकडे नुकतेच आले. 2024मध्ये नॉर्वेत 1 लाख 28 हजारांवर नव्या गाड्या रस्त्यावर आल्या. त्यातल्या 88.9 टक्के निव्वळ बॅटरीवरच्या. पहिला नंबर टेस्लाचा, मग फोक्सवॅगन, मग टोयोटा. फोक्सवॅगनने तर 2023 संपताना इथे पेट्रोल-डिझेलच्या नव्या गाड्या विकणंच थांबवलं. 2018 साली सगळ्यात जास्त खपली होती निसानची लीफ. आज तिचं नाव कुणाच्या तोंडी नाही. आपल्याकडे एकदा मारुती घेतली की पुढचीही मारुतीच, तसं इथे उरलेलं नाही.

हे सगळं निसर्गप्रेमापोटी झालं असं मला आधी वाटायचं. खरं कारण कराचं. विजेच्या गाडीला 1990 पासून खरेदीकर माफ झाला आणि 2001 पासून 25 टक्के व्हॅटही. पेट्रोलच्या गाडीवर मात्र हे दोन्ही कर बसत राहिले. दोन्हींची किंमत शेजारी मांडली की माणूस आपोआप विजेकडे वळतो. 2023 मध्ये 5 लाख क्रोनरच्या (क्रोनर म्हणजे इथलं चलन) वरच्या रकमेवर व्हॅट लागू झाला, तरी ओघ थांबला नाही.

आणि सुरुवात कुणी केली ठाऊक आहे? 1989 साली आ-हा या इथल्या प्रसिद्ध बँडमधले दोघं आणि पर्यावरण कार्यकर्ते फ्रेडरिक हाउगे विजेवर चालवलेली एक फियाट पांडा घेऊन टोलनाक्यांवरून टोल न भरता जायचे. दंड साचला, गाडी जप्त झाली, लिलावात निघाली. पण त्यांनी मागणी सोडली नाही, आणि 1997 मध्ये टोल खरंच माफ झाला. ही गोष्ट ऐकली तेव्हा मला फार भरून आलं.

वीज इथे जवळजवळ सगळी पाण्यावर, आपल्या कोयनेसारखी. सोसायटीत चार्जर बसवायचा म्हटलं तर सबळ कारणाशिवाय कुणी अडवू शकत नाही. असा कायदा आपल्याकडे हवाच. मात्र हाच देश तेल आणि गॅस काढून बाहेर विकतो, ते मला पटत नाही.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. मिस्त्रीचं काय? 2024 संपतानाही रस्त्यावर सगळ्यात जास्त गाड्या डिझेलच्याच होत्या. विजेच्या गाड्यांनी पेट्रोलच्या गाड्यांना मागे टाकलं ते सप्टेंबर 2024 मध्ये. ऑइल बदलणं, क्लच, टायमिंग बेल्ट हे काम नव्या गाड्यांत गेलंच. पण सस्पेन्शन आणि टायर आहेतच, वजन जास्त असल्याने थोडे जास्तच. आणि ब्रेक! वेग कमी करताना मोटरच गाडी रोखते, त्यामुळे ब्रेक पॅड क्वचित लागतात. वर हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. मग न घासल्या गेलेल्या ब्रेकच्या डिस्क गंजतात आणि सरकारी तपासणीत गाडी नापास होते. ऐकलं तेव्हा मला तुमचे हातच आठवले.

दादाला म्हणावं, हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय नारिंगी केबलला, म्हणजे हाय व्होल्टेजच्या वायरला, हात लावायचा नाही. बाकी सगळं त्याला येतं.

जूनमध्ये येते आहे. आपल्याकडे मीठ नसलं तरी कोल्हापूरचा पाऊस आहे. गॅरेजवर कुणाची नेक्सॉन ईव्ही आली तर चाक काढून तिच्या डिस्क मला दाखवा.

आईला नमस्कार. गुडघ्याला शेक घ्यायला सांगा.

तुमची,
धाकटी