मातीच्या गावात आईला नेलंत, त्याबद्दल

ती. काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फेला, त्या मातीच्या घरांच्या गावाला, आईवडिलांना घेऊन निघालेल्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल. तुमचं नाव मात्र गाळलंय. तसं तुम्हीच बजावलं होतंत.

माझी यादी तुम्हाला आठवत असेल. ह्यूस्टनहून सकाळी विमानाने यायचं, दुपारी कॅन्यन रोडवरच्या गॅलऱ्या बघायच्या, संध्याकाळी अटालाया डोंगर चढायचा. ती वाचून तुम्ही फोनवर म्हणालात, "आईला आणतेयस की शाळेची सहल काढतेयस?" मला तेव्हा थोडा रागच आला होता. पण ह्यूस्टन समुद्राच्या पातळीला आणि सांता फे सात हजार फुटांवर, विरळ हवेत, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तुम्ही पहिली रात्र आम्हाला जरा खालच्या उंचीवरच्या अल्बुकर्कीला तुमच्या घरी ठेवून घेतलंत, दर तासाला आईला पाणी प्यायला लावलंत आणि मगच वर नेलंत. तरीही प्लाझापर्यंत, म्हणजे गावच्या मुख्य चौकापर्यंत, पोचेस्तोवर तिला धाप लागली. थेट गेलो असतो तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

त्या धापेमुळेच आपण गव्हर्नर्स पॅलेसच्या ओसरीत टेकलो. इमारत 1610 सालची, आणि ओसरीत भिंतीला टेकून ओळीने बसलेले प्युब्लो आणि नावाहो या मूळ अमेरिकन समाजांतले कारागीर. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातचंच विकायचं, असा तिथला नियम आहे हे तुम्ही आधी सांगितलंत. नाहीतर आईने लक्ष्मी रोडवरच्यासारखी घासाघीस सुरू केली असती. एका बाईकडे काळंभोर, आरशासारखं लखलखतं मडकं होतं. हा रंग नाही, तुम्ही म्हणालात. मडकं गुळगुळीत दगडाने घासतात आणि भाजताना जाळ वाळलेल्या शेणाच्या भुग्याने कोंडतात, त्या धुराने ते काळं होतं. सान इल्देफोन्सो या प्युब्लो गावातल्या कुंभारीण मारिया मार्टिनेझ यांनी हीच काळी भांडी जगभर पोचवली. आईला मारिया ठाऊक नव्हत्या, पण गोवऱ्यांची धग ठाऊक होती. पुढची वीस मिनिटं ती आणि ती बाई, मध्ये तुम्ही दुभाषी, जाळावरच बोलत राहिल्या. मी पाच वर्षं अमेरिकेत आहे. आईला इथे कुणाशी इतकं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तिथून ती भिंती चाचपायलाच लागली. प्लाझाजवळच्या कितीतरी भिंती आतून सिमेंटच्या आणि वरून मातीच्या रंगाच्या, हे तिने टिचकी मारून ओळखलं. 1957 च्या नियमामुळे जुन्या भागात नवी इमारतही जुन्या धाटणीचीच बांधावी लागते, हा खुलासा तुमचा. तिला खरी माती बघायची होती, म्हणून तुम्ही सान मिगेल चॅपल या जुन्या चर्चला नेलंत. उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, वर मातीचाच लेप. हे लिंपण पूर्वी इथल्या बायकाच करायच्या, असं तुम्ही सांगितल्यावर ती म्हणाली, "मग काय, सारवण बाप्यांनी केलंय का कुठे?"

चित्रकार जॉर्जिया ओ'कीफ यांचं संग्रहालय मी एकटीने पाहिलं. चित्रं सुंदर आहेत, पण खरं सांगू? माझं अर्धं लक्ष तुम्ही दोघं बाहेर काय बोलताय याकडे होतं.

तिसऱ्या दिवशी, शरीर सरावल्यावर, अ‍ॅस्पेन व्हिस्टा. वाट दहा हजार फुटांवर, म्हणून आईने पन्नासच पावलं चालायचं आणि मी हवं तितकं, असा करार तुम्हीच ठरवलात. मी दोन तासांनी परतले तेव्हा तुम्ही दोघं ओंडक्यावर चहा पीत होतात. दसरा चार दिवसांवर आला होता. वाऱ्याने पिंपळासारखी सळसळणारी अ‍ॅस्पेनची ती पिवळीधमक झाडं बघून आईने खाली पडलेलं एक पान उचललं आणि तुमच्या हातात ठेवलं, "सोनं घ्या." तुम्ही चष्मा पुसायला लागलात. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

तुम्ही बांधून दिलेल्या भाजक्या हिरव्या मिरच्यांचा आईने ठेचा केला. तिच्या मते चव छान, पण तिखटपणात नापास. तिथल्या हॉटेलात "लाल की हिरवी?" विचारलं की "ख्रिसमस" म्हणायचं, म्हणजे दोन्ही मिळतात, हे ती आता नाशिकला सगळ्यांना सांगत असते. मार्चमध्ये तुम्ही भारतात येणार आहात ना, तिने लवंगी मिरची आत्ताच वाळत घातलीय.

तुमची,
यादीवाली